गोटे पोसून राहिल्या का जी?

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी बाल्कनीतला ट्रे पहिल्यांदा पाहिला, तेव्हा झाडू भिंतीला टेकवून त्या खाली वाकल्या. ट्रेमध्ये बारा लहान कुंड्या, प्रत्येकीत बारीक खडी आणि त्या खडीत रुतून बसलेले राखाडी, तपकिरी, मधोमध चिरलेले गोल. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "काऊन जी ताई, गोटे पोसून राहिल्या का तुम्ही?"

मी म्हटलं, मावशी, ही झाडं आहेत. त्यांचा विश्वास बसला नाही. बसायलाच हवा असंही नाही. १८११ मध्ये विल्यम बर्चेल हा इंग्रज वनस्पतिशोधक दक्षिण आफ्रिकेत प्रिस्काजवळ फिरत असताना त्याने वेगळ्या आकाराचा एक गोटा म्हणून जे उचललं, ते झाड निघालं. पुढे १९२२ साली एन. ई. ब्राउन यांनी या झाडांना लिथॉप्स हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ दगडासारखं दिसणारं. तेव्हा मावशींचा अंदाज अगदी शास्त्रोक्त होता.

लिथॉप्स, कोनोफायटम, हॉवर्थिया, टायलेकोडॉन ही सगळी सक्युलंट, म्हणजे पानात नाहीतर खोडात पाणी साठवणारी झाडं. पण ती थंडीच्या आगेमागे वाढतात आणि उन्हाळ्यात झोपतात. ही गोष्ट कळायला मला दोन वर्षं आणि वीसेक झाडं लागली. नागपूरच्या माणसाचं पहिलं गणित ठरलेलं असतं: सक्युलंट म्हणजे वाळवंट, वाळवंट म्हणजे ऊन, आणि ऊन तर आपल्याकडे ढिगाने. मग या झाडांना आपल्या गावासारखं गाव नाही! मीही असाच हिशोब करून एप्रिलमध्ये चौदा झाडं मागवली होती. त्यातली नऊ पहिल्या पावसाळ्यात गेली. बोट लावलं की पिकल्या चिकूसारखं आत जायचं.

चूक उन्हाची नव्हती. चूक रात्रीची होती.

हे समजायला आधी पानफुटीकडे जावं लागेल. पानाच्या कडेला पिल्लं फुटतात ती, आजीच्या परसात असायची ती पानफुटी. बेंजामिन हेन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हिंदुस्थानात राहत होते. त्यांच्या लक्षात आलं की पानफुटीचं पान सकाळी चांगलं आंबट लागतं, दुपारपर्यंत त्याची चव जाते आणि संध्याकाळी ते किंचित कडवट होतं. १८१५ मध्ये हे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. (त्यांनी चाखलं म्हणून तुम्ही चाखू नका. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, गुरांनाही ती बाधते.)

पान रात्रीतून आंबट का होतं? झाडाला अन्न तयार करायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो आत घ्यायला पानावरची बारीक छिद्रं उघडावी लागतात, आणि छिद्र उघडलं की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं. आंबा, कडुनिंब ही झाडं दिवसाढवळ्या हा तोटा सोसतात, कारण त्यांची मुळं खोलवर पाणी शोधतात. कोरड्या मुलखातल्या झाडाला हे परवडत नाही. म्हणून ते रात्रपाळी करतं. रात्री हवा गार झाली की छिद्रं उघडायची, कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींमध्ये भरून ठेवायचा. कच्च्या सफरचंदाचा आंबटपणा तो हाच. सकाळी छिद्रं बंद करायची आणि दिवसभर दार लावून, साठवलेलं आम्ल मोडून, उन्हाच्या जोरावर साखर करायची. दुपारपर्यंत आम्ल संपतं, म्हणून चव जाते.

मे महिन्यात नागपूरकर तरी वेगळं काय करतात? भाजी सकाळी नऊच्या आत आणायची, मग दारं-खिडक्या लावून कूलरसमोर पडायचं आणि दिवेलागणीनंतर बाहेर निघायचं. फरक इतकाच की रात्रीही गारवा आला नाही तर आपण कुरकुरत का होईना बाहेर पडतो, झाड पडत नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापट नऊ दिवसांत, आपल्याकडे रात्रीचा पारा तीसच्या आसपास रेंगाळतो. अशा रात्री छिद्रं उघडली तर मिळकतीपेक्षा पाण्याचा खर्च जास्त, शिवाय उष्णतेने झाडाचा श्वास वाढतो आणि साठवलेली साखर नुसती जळत राहते. थंडीतली ही झाडं तेव्हा सरळ दुकान बंद करतात. मुळांची बारीक टोकं सुकतात, वाढ थांबते. याला सुप्तावस्था म्हणतात, मी झोप म्हणते. आणि झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओतलं तर काय होईल ते सांगायला नको. मुळं पाणी घेत नाहीत, ओली कोमट माती बुरशीला आवडते आणि मग तो चिकू होतो.

सगळीच सक्युलंट अशी नसतात. शेजारच्या काकूंचं अडेनियम अगदी उलट्या वळणाचं आहे. मे महिन्यात गुलाबी फुलांनी लदलेलं असतं आणि डिसेंबरात पानं गाळून ठोकळ्यासारखं उभं राहतं. तेव्हा काकू काळजीने माझ्याकडे येतात, जूनमध्ये मी त्यांच्याकडे जाते.

माहेर कोणतं, यावर हे अवलंबून आहे. कोनोफायटमचं माहेर म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा पश्चिम किनारा आणि त्यामागचा नामाक्वालँडचा खडकाळ प्रदेश. किनाऱ्याजवळून बेंग्वेला नावाचा थंड सागरी प्रवाह वाहतो, त्यामुळे धुकं येतं, रात्री गार राहतात, आणि जो काही पाऊस पडतो तो हिवाळ्यात. बहुतेक ठिकाणी वर्षाला तीनशे मिलिमीटरच्याही आत. आपल्याकडे हजार मिलिमीटरच्या आगेमागे, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत, नेमका त्यांच्या झोपेच्या वेळेला. तिकडचा हिवाळा जून ते ऑगस्ट, मग इकडे आल्यावर त्यांनी काय करावं? झाडाला कॅलेंडर कळत नाही. रात्रीचा गारवा आणि दिवसाची लांबी कळते. त्यामुळे इथे जन्मलेली रोपं इथल्याच हिवाळ्यात वाढतात. थेट तिकडून आलेलं झाड मात्र सुरुवातीला बावचळतं.

नागपूरचा पारा कुठून कुठे जातो तेही बघा. २३ मे २०१३ ला ४७.९ अंश आणि २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे ३.५ अंश. लोकांना वाटतं, थंडीने मरतील. साडेतीन अंशांचं कोरड्या कुंडीतल्या कोनोफायटमला काही वाटत नाही. आपला हिवाळा त्यांना मानवतो, तोच तर आपला हंगाम: कोजागिरीच्या सुमारास सुरू आणि होळीला संपला. उरलेले सातेक महिने आपलं काम एकच, झाड मोडू न देणं. हे ज्याला कंटाळवाणं वाटेल त्याने मोगरा लावावा, मोगरा फार चांगलं झाड आहे.

दक्षिणेची बाल्कनी

आमचा फ्लॅट दक्षिणमुखी. घेताना चार लोकांनी नाकं मुरडली होती, दलालानेही त्याच कारणाने भाव थोडा खाली आणला. पण या झाडांसाठी यापेक्षा चांगली दिशा नाही, आणि याचं कारण वास्तूत नाही, भूगोलात आहे.

नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर. २१ डिसेंबरला भर दुपारी, म्हणजे साधारण बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी, सूर्य दक्षिणेकडे फक्त ४५ अंशांवर असतो. गच्चीवर उभं राहून बघा, तुमची सावली जवळजवळ तुमच्याच उंचीची पडते. म्हणजे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन तिरपं आत शिरतं आणि थेट दाराच्या उंबरठ्यापर्यंत येतं. उलट २६ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस. सूर्य बरोबर डोक्यावर आणि पुढचे सात-साडेसात आठवडे दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडेच. तेव्हा त्याच बाल्कनीत वरच्या मजल्याच्या स्लॅबमुळे ऊन आत येतच नाही. हिवाळ्यात भरपूर ऊन आणि उन्हाळ्यात आपोआप सावली, तेही हिरवी जाळी न बांधता. उन्हासाठी म्हणून मला ट्रे वर्षभर जागचा हलवावा लागत नाही.

पूर्वेची बाल्कनी असेल तर हिवाळ्यात सकाळचं ऊन पुरतं, मार्चपासून जाळी लावावी लागते. पश्चिमेची असेल तर एप्रिलनंतर झाडं घरात घ्या. भिंतच तापून तवा होते आणि मध्यरात्रीपर्यंत आग ओकते. पुन्हा तेच, रात्र गरम.

स्पंजची गोष्ट

विदर्भाची काळी माती कापसाला सोनं, या झाडांना विष. ती पाणी धरून फुगते आणि सुकली की भेगाळते, बारीक मुळं तोडून टाकते. म्हणून आमच्या कुंडीत माती जवळजवळ नसतेच. बांधकामाच्या ठिकाणची बारीक गिट्टी, फोडलेली वीट, थोडी कन्हानची जाड वाळू आणि जुनं, पूर्ण कुजलेलं पानांचं खत. दहा वाट्यांमध्ये खत दोन वाट्या, तेही हात आखडून. प्यूमिस, पर्लाइट (हलके, सच्छिद्र खनिज दाणे) मिळालं तर छानच, पण त्यावाचून अडत नाही. अडतं ते चाळण्यावाचून. रव्याच्या चाळणीतून जे खाली पडतं ते टाकायचं, गव्हाच्या चाळणीवर जे अडकतं तेही टाकायचं, मधलं आपलं. मग तीन-चार पाण्यांनी धुऊन धूळ काढायची. ही धूळच कुंडीच्या तळाशी जाऊन सिमेंट होते.

कुंडीच्या तळाला गिट्टीचा थर दिला की पाणी निघून जातं, असं सगळे सांगतात. तो सल्ला विसरा. भांडी घासायचा जाड स्पंज घ्या, पाण्यात बुडवा आणि तळहातावर आडवा धरा. थेंब गळायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, मग काय बदललं? उंची. कोणत्याही बारीक छिद्रांच्या पदार्थात तळाकडचा ठराविक उंचीचा थर पाणी धरूनच ठेवतो. गुरुत्वाकर्षणाला ते ओढून काढता येत नाही, आणि खाली मोठी गिट्टी असली तरी बारीक मातीतलं पाणी त्या मोठ्या फटींत सहज उतरत नाही. त्यामुळे गिट्टीच्या थराने ओला भाग नाहीसा होत नाही, उलट मुळांच्या दिशेने वर सरकतो. उपाय दोनच: सगळं मिश्रणच जाड करायचं, नाहीतर कुंडी खोल घ्यायची. लिथॉप्सला खाली जाणारं लांब मूळ असतं, त्याला खोल कुंडी आवडतेच.

मिश्रण जमलं की नाही ते बघायला कुंडीत पेलाभर पाणी ओता. ते वर तळं करून थांबलं तर पुन्हा चाळायला बसा.

पाणी कोणाला, कधी

इथे इंटरनेटवरचे सल्ले सर्वांत जास्त झाडं मारतात, कारण ते सगळ्यांना "हिवाळ्यात वाढणारी" या एकाच पंगतीत बसवतात.

कोनोफायटम हे खरं हिवाळ्याचं झाड. उन्हाळ्यात त्याची जुनी पानं सुकून कागदी पापुद्रा होतात, लसणाच्या पाकळीवर असतो तसा, आणि त्या पापुद्र्याच्या आत नवं झाड मुडपून बसलेलं असतं. वरून बघणाऱ्याला मेलेलंच वाटतं. ऑक्टोबरच्या मध्यावर रात्री विशीच्या खाली जायला लागल्या की एका सकाळी कुंडी पूर्ण भिजवायची. आठवड्याभरात पापुद्रा टोकाला तडकतो आणि त्या फटीतून ओलं, चकचकीत हिरवं डोकं वर येतं. वाटाण्याएवढं. वर्षातून हा एवढा एक आठवडा माझा चहा बाल्कनीत गार होतो. तिथून फेब्रुवारीपर्यंत दर दहा-पंधरा दिवसांनी पाणी. पापुद्रा हाताने सोलायचा मोह होतो. तो आवरा. तो उन्हापासून सांभाळणारा पंचा आहे, आपोआप गळतो.

लिथॉप्स दिसतं त्याच घराण्यातलं, आहेही त्याच घराण्यातलं, पण रीत वेगळी. पावसाळा सरला की त्याला एक-दोनदा पाणी द्यायचं. मग चिरेतून फूल येतं, पांढरं किंवा पिवळं, झाडापेक्षाही मोठं. फूल सुकलं की पाणी बंद. पूर्ण बंद. कारण आता आत नवी पानांची जोडी तयार होते आणि ती जुन्या जोडीचं पाणी पिऊन मोठी होते. संपूर्ण हिवाळाभर. जुनी जोडी सुरकुतते, पातळ होते आणि शेवटी कागद होऊन बाजूला पडते. मी एका जानेवारीत त्या सुरकुत्या बघून कळवळले आणि पाणी घातलं. जुनी पानं पुन्हा टरारली, नव्यांना जागा द्यायला तयार होईनात, आणि झाडावर दोन मजले झाले. फेब्रुवारीत खालचा मजला सडला, मार्चमध्ये वरचा. सुरकुत्या म्हणजे तहान असं प्रत्येक वेळी नसतं. लिथॉप्समध्ये जानेवारीतली सुरकुती म्हणजे आई लेकराला पाजते आहे.

हॉवर्थिया सगळ्यांत समजूतदार. नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी. हंगामात आठ-दहा दिवसांनी पाणी, मऊ ऊन, बस. उन्हाळ्यात तिची मुळं आखडतात आणि झाडाला मातीत खाली ओढून घेतात. मे महिन्यात हॉवर्थिया बुटकी झालेली दिसली तर ती खचली नाही, तळघरात गेली आहे.

टायलेकोडॉनबद्दल एवढंच सांगते की कोटिलेडॉन या जुन्या नावातली अक्षरं उलटसुलट करून हे नाव बनवलं, १९७८ मध्ये. वनस्पतिशास्त्रज्ञांनाही कधी कधी कोडी सोडवायची हौस येते. उन्हाळ्यात पानं गाळून काठीसारखं उभं राहतं, तेव्हा पाणी नाही. आणि एओनियम, ते कमळासारखं सुंदर दिसणारं, कॅनरी बेटांचं: माझं मत विचाराल तर नागपुरात घेऊ नका. मी तीन आणली, तिन्ही गेली.

मे आणि मारबत

एप्रिल-मेचा कोरडा उन्हाळा मला आता पावसाळ्याइतका भीतीचा वाटत नाही. त्यासाठी माठाची युक्ती वापरते. मोठी मातीची कुंडी घ्यायची, तळाशी आणि कडेने वाळू भरायची, मध्ये झाडाची प्लास्टिकची कुंडी बसवायची आणि फक्त बाहेरच्या वाळूला रोज संध्याकाळी पाणी घालायचं. कुंडीच्या मातीच्या भिंतीतून पाणी झिरपून वाफ होतं आणि वाफ होताना उष्णता घेऊन जातं. आत मुळं गार राहतात, पण ओली होत नाहीत. त्यासाठी झाडाची कुंडी तळाच्या वाळूवर न टेकवता दोन खपऱ्यांवर ठेवायची, नाहीतर खालच्या भोकातून ओल वर चढते. झाडाला स्वतःला महिन्यातून एकदा, सूर्य बुडाल्यावर, कडेने दोन चमचे पाणी. पूर्ण कोरडं ठेवलं तर लहान रोपं चार महिन्यांत वाळून जातात.

मृगाचा पाऊस पडला की ही युक्ती बंद. हवाच पाण्याने भरलेली असते, वाफ होणार कशी? माठातलं पाणीही तेव्हा गार होत नाही, हे आपल्याला ठाऊकच असतं. जून ते सप्टेंबर ट्रे भिंतीला चिकटून, तिरप्या पावसाचे तुषारही येणार नाहीत असा, आणि समोर जुना छोटा टेबल फॅन मंद गतीवर. पाणी नाही. हात शिवशिवले तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या महाल भागाकडे मारबत, म्हणजे ईडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, बघायला जावं. "ईडा पिडा घेऊन जा गे मारबत" असं सगळे ओरडतात तेव्हा मी मनात पिठ्या ढेकणांची भर घालते. कपाशीवाल्यांना हा किडा सांगायला नको, पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो. आमच्याकडे तो मुळांवर लपतो. त्यासाठी हंगाम सुरू होताना प्रत्येक झाड एकदा कुंडीतून काढून मुळं बघायची आणि किडा दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या ब्रशने टिपायचा.

आणखी एक सावधगिरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात अवकाळी पाऊस आणि गारा येतात. संत्र्याच्या बागांचं जे होतं तेच बोराएवढ्या गारेने लिथॉप्सचं होतं. आभाळ आलं की ट्रे आत.

फोटो

फोटो मी आधी नुसते नर्सरीवाल्याला पाठवायला काढत होते, हे काय झालंय म्हणून. तेव्हा कळलं की आपल्याला दिसतं ते मोबाइलला दिसत नाही.

पहिली अडचण अंतराची. वाटाण्याएवढ्या झाडाचा फोटो म्हणून आपण मोबाइल त्याच्या तोंडाशी नेतो. प्रत्येक भिंगाला एक कमीत कमी अंतर असतं, त्याच्या आत गेलं की ते स्पष्ट बघू शकत नाही. पुस्तक नाकाला लावून वाचून बघा. शिवाय मोबाइलचीच सावली झाडावर पडते. म्हणून वीत-दीड वीत मागे यायचं, दुपटीचा झूम घ्यायचा आणि नंतर कडा कापायच्या. तेवढ्याने अर्धे फोटो सुधारतात. दुसरं, इतक्या जवळून स्पष्ट दिसणारा पट्टा काही मिलिमीटरांचाच असतो. समोरचं डोकं स्पष्ट, मागचं धूसर. कॅमेरा असेल तर भिंगाचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ ते ११ वर ठेवा. अजून पुढे नेलं तर पट्टा वाढतो, पण बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळंच चित्र थोडं मऊ पडतं. हौशी लोक आठ-दहा फोटो काढतात, प्रत्येकात फोकस जरा जरा मागे सरकवत, आणि संगणकावर ते एकात एक बसवतात. मोबाइल असेल तर पुस्तकांच्या चळतीला टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, नुसत्या बोटाच्या धक्क्यानेही इथे भूकंप होतो.

प्रकाश ही मात्र खरी मजा. थेट उन्हात सूर्य हा आकाशातला लहानसा ठिपका असतो, म्हणून सावल्या सुरीने कापल्यासारख्या पडतात आणि झाडाचा अर्धा भाग पांढराफटक दिसतो. झाड आणि ऊन यांच्यामध्ये बटर पेपर धरा. आता झाडाला प्रकाश देणारी वस्तू सूर्य नाही, तो कागद आहे, आणि वाटाण्याच्या मानाने तो कागद म्हणजे अख्खं आकाश. कागद जितका जवळ, तितक्या सावल्या मऊ. पलीकडच्या काळोख्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला की तिथेही उजेड पोचतो. पार्श्वभूमीला मी काळ्या मखमलीचा ब्लाऊजपीस वापरते. मखमल उजेड गिळते, साधं काळं कापड राखाडी दिसतं.

पण काळी मखमल मागे लावली की मोबाइल गडबडतो. त्याला वाटतं, जग सरासरी राखाडी असतं. एवढा काळोख बघून तो सगळं उजळवतो, मखमल राखाडी होते आणि झाड भाजल्यासारखं दिसतं. पडद्यावर झाडावर बोट दाबून धरा आणि शेजारी येणारा छोटा सूर्य खाली ओढा. पांढऱ्या कागदावर फोटो काढताना उलट, वर.

हॉवर्थियाच्या बऱ्याच जातींच्या पानाची टोकं काचेसारखी पारदर्शक असतात. माहेरी ती मातीत बुडालेली असते, नुसती टोकं वर. त्या खिडकीतून ऊन पानाच्या आत उतरतं आणि हिरवा भाग जमिनीखाली सुरक्षित राहून काम करतो. हे दाखवायचं तर जानेवारीत चार-साडेचारला, ऊन झाडाच्या मागून येत असताना, अगदी खाली बसून फोटो काढा. भिंगावर ऊन येऊ नये म्हणून एका हाताने सावली धरा. पान आतून पेटतं, हिरव्या बाटलीत दिवा लावल्यासारखं, आणि प्रत्येक शीर मोजता येते. मागून प्रकाश नसेल तर तेच झाड बशीतल्या कोरफडीसारखं दिसतं.

लिथॉप्सचं फूल दुपारी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं. आमच्याकडे ती वेळ तीनची, मावशींची भांड्यांचीही तीनची. थर्माकोल धरायला तिसरा हात लागतो म्हणून एका नोव्हेंबरात मी त्यांना हाक मारली. ओले हात पदराला पुसत त्यांनी तो तुकडा धरला, मी सांगेन तसा तिरपा केला आणि मग म्हणाल्या, "गोट्याले फूल आलं न जी!" आता त्या स्वतःच सांगतात, उजेड कुठून कमी पडून राहिला ते.

दर महिन्याच्या पंधरा तारखेला मी ट्रेचा एक साधा फोटोही काढते, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, नावाच्या पट्ट्या दिसतील असा. कलात्मक काही नाही. पण नोव्हेंबर आणि जानेवारी शेजारी ठेवले तेव्हा दिसलं की कोपऱ्यातलं लिथॉप्स उन्हाकडे मान ताणून उंच झालं आहे. रोज बघणाऱ्या डोळ्याला ते कळलं नव्हतं. ते एक फूट डावीकडे सरकवलं.

विकत घेताना एक विचारा: बियांपासून वाढवलेलं आहे का? दक्षिण आफ्रिकेत गेल्या काही वर्षांत कोनोफायटमची खडकांतून उपटून तस्करी प्रचंड वाढली आहे, आणि काही जाती पृथ्वीवर एखाद्या टेकडीपुरत्याच उरल्या आहेत. उपटलेलं झाड ओळखता येतं. ओरखडे पडलेलं, वेडंवाकडं, मुळं तुटलेलं असतं, आणि विकणारा ते जुनं आहे म्हणून जास्त पैसे मागतो. रोपवाटिकेतली रोपं गुबगुबीत आणि एकसारखी असतात. सर्वांत उत्तम म्हणजे बिया. आपल्या दोन लिथॉप्सना एकाच वेळी फूल आलं तर मऊ ब्रशने एकाचे परागकण दुसऱ्यावर लावायचे, एकटं झाड सहसा स्वतःचं बी धरत नाही. बी खसखशीहून बारीक असतं. ऑक्टोबरच्या शेवटी बारीक वाळूवर भुरभुरायचं, वर काहीही झाकायचं नाही, डबा पारदर्शक झाकणाचा घ्यायचा. आठ-दहा दिवसांत हिरवे ठिपके दिसतात. फुलाला साधारण तीन वर्षं.